रुमालाखालचा हात

"ह्याला सांग," रावसाहेब येलपले बैलाच्या उजव्या कानाशी वाकून म्हणाला, "दात बघितल्याबगार मी कुनाच्या बापावर विश्वास ठेवत न्हाई."

मी डाव्या कानाशी गेलो. "ह्याला म्हणावं, बघ की. पन बैलाचंच बघ. लोकांचा बाप कशाला काढतूस?"

बैल गुणी होता. दोघांचंही ऐकून घेत होता आणि कुणाचीही बाजू घेत नव्हता.

पिंपरणीच्या रविवारच्या बाजारात आमचं बोलणं असंच चालायचं. रावसाहेब आणि मी, दोघेही हेडी. म्हणजे बैलांचे दलाल. विकणारा एका हेड्याला धरतो, घेणारा दुसऱ्याला धरतो, आणि मग ते दोन हेडी आपसात भाव ठरवतात. त्या भागात नाव असलेले हेडी आम्ही दोघेच, त्यामुळे बहुतेक सौद्यांत समोरासमोर आम्हीच असायचो. आणि आमचं तर बोलणं बंद होतं. त्यानं माझ्या साडूला एक बैल घेऊन दिला होता, तो औताला जुंपला की मध्येच बसायचा. रावसाहेबचं म्हणणं, बैल चांगला होता, साडूच बसका होता. साडू बसका होता हे मलाही माहीत होतं, पण बायकोच्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर मला काहीतरी भूमिका घ्यावी लागली. तेव्हापासून आम्ही बैलामार्फत बोलत होतो.

भाव मात्र बैलालाही कळू द्यायचा नसतो. तो ठरतो रुमालाखाली. एकानं खांद्यावरचा रुमाल काढून दोघांच्या हातांवर टाकायचा आणि खाली बोटं धरायची. एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, सगळा पंजा धरला तर पाच. पुढची शून्यं किती ते बैलाकडे बघून दोघांनाही कळतंच. बाजूला पन्नास माणसं उभी असली तरी आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही. आणि आत जे झालं ते बाहेर सांगायचं नाही. ना बायकोला, ना देवाला. हा नियम मोडलेला हेडी मी माझ्या हयातीत पाहिला नव्हता. म्हणजे एक होता, पण त्याच्याबद्दल सांगण्यासाठीच ही सगळी कथा.

रावसाहेबनं बैलाचे दात पाहिले, खूर पाहिले, शेपटीचा गोंडा उचलून पाहिला. तोंडात तंबाखूचा बार होता. मग त्यानं रुमाल टाकला आणि माझा हात धरला.

त्याचा हात मला चांगला माहीत होता. इतकी वर्षं दर रविवारी धरलेला. अंगठ्याच्या मुळाशी जुन्या दाव्यानं कापलेली खूण, मधल्या बोटाचं पेर किंचित वाकडं, आणि पकड अशी की भाव पटला नाही तरी हात सोडवत नसे. माझ्या बायकोचा हात मी इतका धरलेला नाही. हे तिला सांगितलं तर ती म्हणेल, धरला कधी?

त्यानं माझा पंजा धरला. पाच. मी मान हलवली. त्यानं आणखी दोन बोटं धरली. सात. मी आढ्याकडे पाहावं तसं आभाळाकडे पाहिलं. हेड्यानं विचार करतोय असं दाखवायचं असतं. तेवढ्यात त्याची बोटं ढिली पडली. दोनाचं एक झालं. मग एकही राहिलं नाही.

रुमालाखाली शून्याला खूण नाही. इतक्या वर्षांत कुणाला तिची गरजच पडली नव्हती. मला वाटलं, हा नवा डाव आहे. बैल फुकट मागतोय.

"ह्याला म्हणावं," मी बैलाला म्हणालो, "फुकट पायजे तर देवाला सोडलेला वळू धर."

रावसाहेबनं उत्तर दिलं. पण काय दिलं ते मलाही कळलं नाही आणि बैलानंही कान टवकारले. तोंडात भिजलेलं फडकं असावं तसे शब्द येत होते. तंबाखूची पिंक त्याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली ओघळली आणि पांढऱ्या सदऱ्यावर गेली. रावसाहेब पिंक टाकायला उभ्या बाजारात नावाजलेला होता. दोन बैलांमधून टाकली तरी कुणाच्या अंगावर शिंतोडा नाही. त्या माणसाच्या सदऱ्यावर पिंक बघून मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. उजवी बाजू खाली आली होती. आणि माझ्या हातातला त्याचा हात नुसता ठेवलेला होता. मी धरला होता, तो धरत नव्हता.

"आरं, रावसाबला भवळ आली!" कुणीतरी ओरडलं.

मग बाजारात जे जे होतं ते सगळं झालं. एकानं त्याला खाली बसवलं, एकानं डोक्यावर पाणी ओतलं, एकानं पायातला जोडा काढून पुढे केला. जब्बार टेम्पोवाला वडेवाल्याच्या गाडीवरून कांदा घेऊन आला, बुक्कीनं फोडला आणि त्याच्या नाकाला लावला. थोड्या वेळानं रावसाहेबनं कांदा बाजूला सारला. उजव्या हातानं सारला.

"काय मेलो न्हाई मी," तो म्हणाला. शब्द स्वच्छ. तोंडही सरळ. "ऊन लागलं. व्हा बाजूला, सौदा ऱ्हायलाय."

"कांद्यासारखं औषध न्हाई," जब्बार म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

रावसाहेब उठला, बैलाजवळ आला, रुमाल टाकला. पुन्हा तीच पकड. त्याच दोन बोटांवर त्यानं आणखी अर्धं चढवलं आणि सौदा झाला. लोक चहाला गेले.

मी गेलो नाही. बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभा राहिलो.

आमचे आबा एकदा जेवायला बसले होते. हातातला घास ताटात पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. काहीतरी बोलले ते आम्हाला कळेना. आम्ही हसलो. आबा गमती करायचे, त्यामुळे वाटलं ही एक नवीनच गंमत. थोड्या वेळात सगळं ठीक झालं, त्यांनी भाकरी संपवली, वर ताकही प्यायले. त्याच आठवड्यात त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पुढे जगले बरेच दिवस, पण खाटेवर, आणि बोलले ते एकदाही नाही. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "घास पडला त्याच दिवशी आणायला हवं होतं. तेव्हा वारं नुसतं चाटून गेलं होतं."

आता मी काय करायचं?

सांगितलं असतं की रुमालाखाली रावसाहेबचा हात मेला होता, तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या माणदेशात झालं असतं. ज्या हेड्याच्या हाताचा भरवसा नाही त्याच्या हातात कोण हात देणार? रावसाहेब बाजारातून उठला असता. त्याला बाजाराशिवाय दुसरं काही येत नव्हतं. घरी रविवार सोडून इतर वारी तो नुसता बसलेला असायचा, असं त्याची बायको सगळ्यांना सांगायची. आणि न सांगावं, तर आबांची खाट मला दिसत होती. बरं, तो गेला असता तर नुकसान माझं नव्हतं. पिंपरणीत मग नावाजलेला हेडी मी एकटाच उरलो असतो. हा विचारही मनात आला, खोटं का बोला. पण मग माझा हात धरणार कोण? बाकीच्यांच्या हातात ना खोट होती ना जोर.

बैल विकत घेणारा तालुक्याच्या गावाजवळचा होता. बैल जब्बारच्या टेम्पोतून जायचा होता. मी रावसाहेबजवळ गेलो आणि बैलाला मोठ्यानं म्हणालो, "नव्या दावनीला बैल पानी पिईस्तवर दोन्ही हेड्यांनी संगं ऱ्हायचं, असा रिवाज हाय. आजकालच्या हेड्यांना ठावं नसंल."

हा रिवाज खरा होता. माझ्या आज्याच्या काळापासून कुणी पाळला नव्हता, एवढंच. पण रावसाहेबला रिवाज माहीत नाही असं चार माणसांत म्हटलं की तो विहिरीतसुद्धा उतरला असता.

"ह्याला सांग," तो बैलाला म्हणाला, "रिवाज मला शिकवायचा न्हाई."

आणि टेम्पोत चढला.

आम्ही मागे उभे होतो, मध्ये बैल. जब्बारला मी आधीच सांगून ठेवलं होतं. तालुक्याच्या दवाखान्याच्या फाटकात टेम्पो थांबला. रावसाहेबनं पाटी वाचली. मग बैलाकडे पाहिलं.

"ह्यो आजारी हाय व्हय?"

"ह्यो न्हाई," मी म्हणालो.

"मग कोन?"

बैलाला सांगून आता भागणार नव्हतं. मी त्याच्या मानेवरून पलीकडे पाहिलं. "तू. रावसाब, खाली उतर."

इतक्या वर्षांनी मी त्याच्याशी सरळ बोललो होतो. जब्बारनं आरशातून मागे पाहिलं आणि घाईनं पुढे पाहायला लागला.

"मला काय झालंय?"

"तुझी बोटं माझ्या हातातनं गेली. आबाचा घास असाच पडला हुता."

"ऊन लागलं हुतं."

"ऊन अर्ध्याच अंगाला लागत न्हाई, रावसाब."

त्याचा चेहरा लाल झाला. "रुमालाखालचं बाहेर काढतूस? तू? हेडी म्हनवतूस सोताला?"

"बाहेर कुठं काढलं? तुलाच सांगतुया. तुझाच हात हुता."

तेवढ्यात फाटकावरचा रखवालदार आला आणि दवाखान्याच्या वाटेत बैल उभा करायचा नाही म्हणून ओरडायला लागला. रावसाहेबनं त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्यानं खांद्यावरचा रुमाल काढला, बैलाच्या पाठीवरून माझ्या हातावर टाकला आणि खाली माझा हात धरला.

"डागदर म्हनला मला काय न्हाई, तर येत्या रव्वारी भर बाजारात माझ्या पाया पडायचं. कबूल?"

"कबूल."

त्यानं हात दाबला. सौदा पक्का झाला. मग तो उतरला आणि माझ्यापुढे ताडताड चालत गेला.

डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी रावसाहेबला खुर्चीत बसवलं. "काका, हसून दाखवा."

"कशाला?"

"दाखवा तर."

रावसाहेब हसला. मला त्याचं हसू पाहून बरीच वर्षं झाली होती. होतं तसंच होतं, दोन्हीकडून सारखं.

"दोन्ही हात वर करा. डोळे मिटा. तसेच धरून ठेवा. आता तुमचं नाव आणि गाव सांगा." त्यानं सगळं केलं. "आता माझी बोटं घट्ट धरा, दोन्ही हातांनी."

रावसाहेबनं इकडेतिकडे पाहिलं आणि खांद्यावरचा रुमाल काढून बाईंच्या हातांवर टाकला.

"हे काय?"

"उघड्यावर धरत न्हाई आमी," तो म्हणाला.

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "असू द्या, ताई." त्यांनी असू दिलं. त्यानं बोटं धरली आणि बाईंच्या कपाळावर आठी आली. जोर भरपूर होता.

"सगळं ठीक आहे की," त्या म्हणाल्या.

रावसाहेब माझ्याकडे वळला. "पड पाया. रव्वार कशाला, हितंच पड."

"पण यांना आणलं कशासाठी?" बाईंनी विचारलं.

रावसाहेब म्हणाला, "काय न्हाई. ऊन." आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे काही बोलू नये.

मी बोललो. रुमालाखालचं सगळं सांगितलं. सात कशी झाली, दोनाचं एक कसं झालं, एकाचं शून्य कसं झालं. पिंक कुठल्या बाजूनं गेली, बोलणं कसं झालं होतं, आणि कांदा येईपर्यंत सगळं कसं चाललं होतं. रावसाहेब भिंतीकडे पाहत होता. त्याची मान शरमेनं खाली गेली होती. स्वतःसाठी नव्हे, माझ्यासाठी.

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. आता त्या हसत नव्हत्या.

"काका, तुम्ही बरे झालात म्हणून हे संपलेलं नाही. बरं वाटतं, म्हणूनच लोक घरी जातात, आणि तिथेच चुकतं. मेंदूकडे जाणाऱ्या नळीत रक्ताची गुठळी अडकली होती. ती आपोआप सुटली. पुढची सुटेलच असं नाही, आणि ती आज रात्रीसुद्धा येऊ शकते. हात, तोंड, बोलणं, यातलं एक जरी असं अचानक गेलं आणि परत आलं, तरी त्याच दिवशी यायचं असतं."

"कांद्यानं थांबलं," रावसाहेब हळू आवाजात म्हणाला.

"कांद्यानं नाही थांबलं. कांदा यायच्या वेळेला ते थांबलं."

रक्तदाब इतका निघाला की बाईंनी यंत्र दुसऱ्या हाताला लावून पुन्हा मोजला. त्याच दुपारी त्याला सोलापूरला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे कळलं की मानेतली एक नळी बरीचशी बुजत आली आहे. तिचं ऑपरेशन झालं. तिथले डॉक्टर त्याच्या मुलाला म्हणाले, "वेळेत आणलंत." मुलगा म्हणाला, "मी नाही आणलं. बैलानं आणलं." जब्बारनं त्याला तसंच सांगितलं होतं.

बैलाला मात्र त्या गडबडीत दवाखान्याच्या आवारातच रखवालदाराच्या बादलीतून पाणी पाजावं लागलं. रिवाजाचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही.

पुढच्या रविवारी बाजारात मला जो तो विचारू लागला, रावसाब कुठाय? मी म्हणालो, "हर्नियाचं आपरेशन झालं." दुसरं काही सुचलं नाही. जब्बारनंही तेच सांगितलं. लोकांनी हळहळ व्यक्त केली आणि विषय संपला. हर्नियावरून कुणाच्या हाताचा भरवसा जात नाही.

दोनेक महिन्यांनी रावसाहेब आला. वाळला होता, तंबाखू सुटली होती, त्यामुळे तोंड कडू झालेलं दिसत होतं. माझ्याकडे न बघता तो तिथल्या एका बैलाच्या कानाशी गेला.

"ह्याला सांग, हर्निया! दुसरं काय गावलं न्हाई ह्याला?"

"ह्याला म्हणावं," मी म्हणालो, "मूळव्याध म्हनणार हुतो."

एवढंच. आभार नाही, बोलणं नाही. मी रुमालाखालचं बाहेर काढलं होतं आणि त्याचा जीव वाचला म्हणून त्यात काही फरक पडत नव्हता, असं त्याचं मत होतं. ते तो प्रत्येक बैलाला सांगायचा. मला त्याचा राग यायचा. वाईटही वाटायचं. चोवीस तास नाही, पण रविवारी वाटायचं.

मात्र एक नवीन गोष्ट सुरू झाली. बाजार उठायच्या वेळेला, सगळे सौदे झाल्यावर, रावसाहेब यायचा. मध्ये बैल नसायचा. काही न बोलता रुमाल टाकायचा आणि खाली माझा हात धरायचा. अंगठ्यापासून सुरू करून एकेक बोट दाबायचा, शेवटी सगळा पंजा दाबायचा, आणि रुमाल झटकून निघून जायचा. त्यात भाव नसायचा. मला वाटायचं, तो मला दाखवतोय. बघ, माझा हात जागेवर आहे. बघ, मी कुणाचं काही देणं लागत नाही. बायकोला सांगितलं तर तीही म्हणाली, "मिजास आहे ती. दुसरं काय?"

अशी कित्येक वर्षं गेली. बाजारात बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले, भाव लोक फोनवर ठरवायला लागले. आम्हा दोघांना आता सौदे फारसे मिळत नव्हते. तरी रविवारी आम्ही जायचो आणि तो शेवटी हात धरायला यायचा.

मागच्या संक्रांतीनंतरच्या रविवारी त्यानं असाच रुमाल टाकला. अंगठा दाबला. पुढची बोटं दाबली. करंगळीला आला आणि थांबला. सोडून पुन्हा दाबली. मग त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं. जवळपास एकही बैल नव्हता.

"सोपाना," तो म्हणाला, "हस बघू."

मला काही कळेना. "काय?"

"हस म्हनतो."

मी हसलो. त्यानं माझं तोंड डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"दोन्ही हात वर कर."

"आरं, लोकं बघत्यात."

"बघू दे. कर वर. आता नाव सांग तुझं."

"माझं नाव तुला ठावं न्हाई?"

"सांग!" तो ओरडला.

"सोपान भिवा गळवे."

"करंगळी ढिली लागतीया तुझी," तो म्हणाला. "गेल्या रव्वारी अशी नव्हती. मी दर रव्वारी बघतो. जब्बार, टेम्पो काढ!"

तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं तो दाखवत नव्हता, बघत होता.

करंगळीत बाभळीचा काटा रुतला होता. दोन दिवस ती सुजली होती आणि तिनं उलट दाबता येत नव्हतं. घरी सुईनं काढता आला असता, रावसाहेबला तसं सांगताही आलं असतं.

मी टेम्पोत बसलो.